पडायची लाज कशाला?

नुकतंच चालायला लागलेलं मूल तासाभरात किती वेळा पडत असेल? अंदाज करून पाहा. घरात असं एखादं बाळ असेल तर तुम्ही म्हणाल, त्याच्या मागे धावता धावता नाकी नऊ येतात, मोजणार कोण! पण अमेरिकेतल्या न्यू यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी खरंच मोजलं. १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना खेळायच्या खोलीत मोकळं सोडलं, त्यांचं चित्रण केलं आणि मग एकेक पाऊल मोजलं. २०१२ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं.

तासाला सतरा वेळा! आता मोठ्या माणसाचं काय होतं ते आठवा. पावसाळ्यात सोसायटीच्या फरशीवर पाय घसरला, तर आपण आधी गुडघा पाहत नाही. आधी आजूबाजूला पाहतो, कोणी बघितलं तर नाही ना! गुडघा घरी पोहोचल्यावर दुखायला लागतो.

याच अभ्यासात आणखी एक गंमत आहे. रांगण्यात तरबेज झालेलं मूल चालायला लागतंच का, असा प्रश्न या संशोधकांना पडला होता. विचार केला तर प्रश्न बरोबर आहे. रांगताना ते झपाझप जातं, हवं तिथे वळतं, सोफ्याखालचा चेंडूही काढून आणतं. असं हातचं कसब सोडून डुलत-डगमगत उभं राहायचं कशाला? त्यांना आढळलं, की नवशिकं चालणारं मूल तेवढ्याच वेळात मुरलेल्या रांगणाऱ्यापेक्षा लांबवर जातं, वेगाने जातं, आणि पडण्याचं प्रमाण मात्र दोघांचं साधारण सारखंच असतं. म्हणजे सुरुवातीला अवघडलेलं दिसत असलं तरी फायदा चालण्यातच असतो. मुलाला हा हिशेब कोणी समजावलेला नसतो. ते उठतं, पडतं आणि पुन्हा उठतं.

लहान मुलांकडून काय शिकावं याची एक ठरलेली यादी आपल्याला पाठ आहे. निरागस राहा, आजच्या क्षणात जगा, भांडण लगेच विसरा. यादी चांगली आहे, पण ती वाचून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून आज यादी नको. एकच गोष्ट घेऊया. एखादी गोष्ट येत नसताना ती करत राहणं आणि त्याची लाज न वाटणं.

मुंगी मेली!

मूल पडलं की लगेच रडत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. मध्ये एखादा क्षण जातो. त्या क्षणात ते आपल्या तोंडाकडे बघतं. आपण घाबरून "अरे देवा!" म्हणून धावलो, की भोंगा सुरू. आपण हसलो, की बऱ्याचदा तेही तळवे झटकून पुढे निघतं.

आपल्या आज्यांना हे कुठल्याही संशोधनाशिवाय ठाऊक होतं. बाळ पडलं की आजी म्हणायची, "अगं बाई, मुंगी मेली की रे!" की बाळ गुडघा विसरून मुंगी शोधायला लागायचं. कधी जमिनीला एक चापट बसायची, "हात् रे, आमच्या बाळाला पाडतेस!" या सगळ्या नाटकाचा अर्थ एकच होता. पडणं ही फार मोठी गोष्ट नाही. त्या वयात कोणी आपल्याला म्हणालं नाही, "एवढंसं चालता येत नाही? शेजारचा बंटी बघ कसा धावतो!" ते नंतर आलं.

लाज तरी येते कधी? मानसशास्त्रात एक साधा प्रयोग आहे. मुलाच्या नकळत त्याच्या नाकावर रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर उभं करायचं. अगदी लहान मुलाला आरशात दुसरंच कुणी बाळ दिसतं. साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मात्र मूल स्वतःच्या नाकाला हात लावतं. 'हा मीच' हे त्याला कळलेलं असतं. लाजणं, तोंड लपवणं, नजर चुकवणं याच टप्प्यावर दिसू लागतं. आपल्याला कोणी तरी बघतंय हे कळल्याशिवाय लाज वाटतच नाही.

लाज वाईट नाही. ती नसती तर चारचौघांत राहणं कठीण झालं असतं. पण पुढे आपण तिला फार खाऊ-पिऊ घालतो. शाळेत पहिल्याच वर्षी 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकतो. उत्तर चुकलं की वर्ग हसतो. मग ज्याला उत्तर नक्की येतं तोच हात वर करतो. बाकीचे चप्पल-बुटांकडे बघत बसायला शिकतात. घरात दिवसभर 'का? कसं? मग?' विचारणारं पोरगं दहावीपर्यंत वर्गात एकही प्रश्न न विचारता पोहोचू शकतं.

तेच पोरगं पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसतं. साहेब विचारतात, "काही शंका?" सगळे मान डोलावतात. मीटिंग संपते आणि दोन मिनिटांत व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतात, "तुला कळलं का रे काही?"

'ये' आणि 'या'

माझ्या एका मैत्रिणीचा दादा बंगळुरूला असतो. वडील गेल्यावर तिची आई, म्हणजे आमच्या काकू, धुळ्याहून त्याच्याकडे राहायला गेल्या. धुळ्यात काकू भाजी आणायला निघाल्या, की परतायला दीड तास लागायचा, कारण वाटेत दहा जणी भेटायच्या. बंगळुरूत मुलगा-सून दिवसभर कामावर आणि नात दुपारपर्यंत प्लेस्कूलमध्ये. खाली उतरलं तर कानावर कन्नड, तेलुगू, तमिळ. हिंदी थोडी यायची, पण तीही बोलायला संकोच. काकू फोनवर म्हणायच्या, "माझं बोलणं आता घरातल्या तिघांशी आणि देवाशी."

नात चार वर्षांची. तीही त्यांच्यासोबत त्याच बागेत जायची. पहिले काही आठवडे नुसतीच बघत राहिली. मग एके दिवशी घरी आली ती ताट पुढे ढकलत म्हणाली, "आजी, साकू!" साकू म्हणजे पुरे. मग 'बेडा' आलं, म्हणजे नको. पुढे तर "मला हे बेडा आहे" अशी खिचडी सुरू झाली. एकदा तिने सोसायटीच्या वयस्कर वॉचमनकाकांना हाक मारली, "बा, बा!" ते खदखदून हसले आणि म्हणाले, 'बन्नी' म्हणायचं. कन्नडमधलं 'बा' म्हणजे आपलं 'ये', आणि 'बन्नी' म्हणजे 'या'. पोरीने आजोबांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलं होतं. तिने ऐकलं, "बन्नी!" म्हणाली आणि घसरगुंडीकडे पळाली. प्रकरण संपलं.

काकूंच्या जागी आपण असतो तर? कुणाला 'या'ऐवजी 'ये' म्हणून बसलो असतो तर आठवडाभर झोप लागली नसती. काकूंचंही तेच होतं. "या वयात मला कुठलं जमायचं? पोरांची डोकी ताजी असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पोरांची डोकी ताजी असतात हे खरंच, पण संपूर्ण सत्य तेवढंच नाही. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषक कुटुंबांचा एक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलं, किशोरवयीन मुलं आणि प्रौढ, सगळे डच भाषा शिकत होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत भराभर शिकली ती किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं. ३ ते ५ वर्षांची चिल्लीपिल्ली चाचण्यांमध्ये सर्वांत मागे होती. पुढे जाऊन उच्चार लहान मुलांचे जास्त अस्सल होतात, त्यात त्यांना तोड नाही. पण नवी भाषा शिकायला सुरुवात करण्यात वय आडवं येतं, हे काही खरं नाही. मोठ्यांना व्याकरण पटकन कळतं, शब्दांचे दुवे जोडता येतात, लिहून ठेवता येतं. एवढी साधनं हाताशी असूनही आपण गप्प बसतो, आणि अर्ध्या शब्दावर पोरं गप्पा मारतात.

काकूंची सुरुवात नातीनेच करून दिली. तिने आजीला एकच वाक्य शिकवलं, "ऊटा आय्ता?" म्हणजे, जेवण झालं का? आपल्याकडे दुपारी कोणी भेटलं की आपण जे विचारतो तेच. गेटपाशी मोगऱ्याचे गजरे विकणारी एक बाई बसते. काकूंनी दोन दिवस मनात वाक्य घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी तिला विचारलं. बाई इतकी खूश झाली, की ती दोन मिनिटं न थांबता बोलत राहिली. त्यातलं एक अक्षरही काकूंना कळलं नाही! दोघी हसल्या. आता काकू रोज तिथे पाच-दहा मिनिटं टेकतात. भाषा अजून मोडकीच आहे. पण मैत्रीण सांगते, आई फोनवर पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागली आहे, आणि बोलण्यात त्या गजरेवालीच्या लेकीची परीक्षा असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत अशा काकू असतील. इंदूर-बडोद्यात एक वेळ निभावतं, पण हैदराबाद, चेन्नई, कोलकात्यात भाषा अडते, आणि माणूस हळूहळू चार भिंतींत येतो. चुकीचं बोलायच्या लाजेची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

बघणारे डोळे विसरून

मुलांची दुसरी एक सवय आपल्याला वैताग आणते. पुन्हा, पुन्हा, पुन्हा! तीच गोष्ट सांग, तोच झोका दे, तेच झाकण उघड-बंद कर.

१९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. तिथली एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्ट्या त्यांच्या मापाच्या खोबणीत बसवत होती. सगळ्या बसल्या की बाहेर काढायची आणि पुन्हा बसवायची. मॉन्टेसरींनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली. मुलगी हलली नाही. त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने सामान मांडीवर घेतलं आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग आपणहून थांबली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता. छान झोप झाल्यावर माणूस जसं टवटवीत उठतं, तशी ती दिसत होती.

तिला कोणी शाबासकी देणार नव्हतं. आपण मात्र गिटार आणतो आणि पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ टाकायचा विचार करतो. चित्राची वही घेतो आणि तिसऱ्या पानावर 'आपल्यात ते नाहीच' म्हणून कपाटात ठेवतो. चाळीस वेळा नुसतं करून बघायला आपल्याला फुरसत नसते, कारण आपल्याला करायचं नसतं, केलेलं दाखवायचं असतं.

बक्षिसाबद्दलही असंच काहीसं दिसतं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर मुद्दाम अडचणी उभ्या केल्या. कपडे वाळत घालताना मोठ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात पोहोचत नाही. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी कुठल्या ना कुठल्या प्रसंगात मदत केली. कोणी सांगितलं नव्हतं, काही मिळणार नव्हतं. हे २००६ चं. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा प्रयोग केला. काही मुलांना मदतीबद्दल खेळणं द्यायला सुरुवात केली आणि मग देणं बंद केलं. बक्षिसाची सवय लागलेली मुलं पुढे कमी मदत करू लागली. काहीच न मिळालेली मुलं पूर्वीसारखीच मदत करत राहिली.

पोळ्या करताना ओट्याशी "मी पण, मी पण" करणारं मूल आठवा. त्याची पोळी भारताच्या नकाशासारखी होते, पिठाचा सडा पडतो आणि तरी ते खुशीत असतं. त्याला पोळी चांगली झाली की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला आपल्यासोबत पोळी करायची असते.

पन्नाशीत, नव्वदीत पहिलं पाऊल

मोठ्या वयात असं जगणारी माणसं आपल्याकडे आहेत. ताराबाई मोडक घ्या. मराठी बाई, पण बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते भावनगरला, गिजुभाई बधेकांसोबत. या कामात त्यांनी वर्षानुवर्षं घालवली, नाव झालं. मग १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. आज गावोगावी 'अंगणवाडी' हा शब्द आपण सहज वापरतो, तो असा आला. पुढे कोसबाडला गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांची शाळा कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' झाली. शहरातल्या बालवाडीचं सगळं कसब अंगी असताना त्या शेणाने सारवलेल्या अंगणात नव्याने शिकायला बसल्या. रांगता येत असून चालायला लागणं म्हणतात ते हेच.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, एक शाळा सुरू झाली. तिथे विद्यार्थिनी होत्या साठी ओलांडलेल्या आज्या. गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्यावर दप्तर, हातात पाटी. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या या बायका आपल्या नावाची सही करायला शिकल्या. आणि आजीचा अभ्यास घ्यायला घरी नातवंडं होतीच.

केरळमधल्या कार्त्यायनी अम्मा तर त्याहून पुढे. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. २०१८ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी राज्याची 'अक्षरलक्षम्' साक्षरता परीक्षा दिली आणि १०० पैकी ९८ गुण मिळवून राज्यात पहिल्या आल्या. २०२० मध्ये त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पण मला त्या गुणांपेक्षा परीक्षेच्या हॉलमधलं बाक जास्त महत्त्वाचं वाटतं. ९६ व्या वर्षी 'मला हे येत नाही' असं म्हणून त्या बाकावर जाऊन बसणं, त्यांनी खरी परीक्षा तिथेच दिली.

किती वेळा सांगू?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मूल निर्धास्त पडतं कारण त्याला उचलायला कोणी तरी असतं. अगदी खरं आहे. आणि मला वाटतं, या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मुलाच्या धाडसात अर्धा वाटा मुलाचा असतो आणि अर्धा 'मुंगी मेली' म्हणणाऱ्याचा. फांगण्याच्या आज्यांनी पाटी हातात घेतली, कारण सगळ्या जणी एकत्र बसल्या, कोणी कुणाला हसलं नाही. बंगळुरूच्या काकूंना गजरेवाली भेटली.

आता आपल्या घरात डोकावून बघा. आई फोन घेऊन येते. "हा फोटो मावशीला पाठवायचा कसा, जरा दाखव ना." पहिल्यांदा आपण दाखवतो. दुसऱ्यांदा भराभर दाखवतो. तिसऱ्यांदा तोंडातून निघतं, "अगं आई, किती वेळा सांगू?" नाही तर आपण फोन तिच्या हातातून घेतो, दोन सेकंदांत काम करतो आणि परत देतो. ती "बरं" म्हणते. चौथ्यांदा ती येत नाही. आपल्याला वाटतं, शिकली असेल. ती शिकलेली नसते. तिने विचारणं सोडलेलं असतं.

मुलाला सतत कडेवर घेतलं तर ते पडणार नाही, पण चालायलाही शिकणार नाही. हातातून फोन घेऊन काम उरकणं म्हणजे आईला कडेवर घेणंच.

तासाला सतरा वेळा, दिवसाचे कितीतरी तास, कित्येक महिने. आपण पडायचो तेव्हा याच आईने मोजलं नव्हतं. "परवाच तर दाखवलं होतं चालून" असं ती म्हणाली नव्हती. बाबाही दोन बोटं पुढे करून अंगणभर वाकून चालले होते. आज बाबांना बँकेचं अॅप उघडायची भीती वाटते, चुकून पैसे गेले तर? घरात विचारायची सोय नसेल, तर ते बँकेच्या रांगेत उभे राहतील, कुणा अनोळखी माणसाला विचारतील, किंवा फोनवरच्या एखाद्या गोड आवाजावर विश्वास ठेवतील. घरात निर्धास्तपणे 'मला कळलं नाही' म्हणता येणं ही त्यांच्या सुरक्षिततेचीही गोष्ट आहे.

या आठवड्यात करून बघा

फार मोठं काही नको. तीन छोट्या गोष्टी.

पहिली, एखादी अशी गोष्ट करा जी तुम्हाला अजिबात येत नाही, आणि ती कुणालाही दाखवू नका. सायकल, पेटी, पोहणं, उकडीच्या मोदकाच्या कळ्या, काहीही. फोटो नाही, स्टेटस नाही. सात दिवस नुसती वाईट करत राहा. आठव्या दिवशी ती थोडी कमी वाईट होते का ते बघा.

दुसरी, तुम्ही राहता त्या गावची भाषा तुमची नसेल तर तिच्यातलं एक वाक्य शिका. 'जेवण झालं का?' यापासून सुरुवात करायला हरकत नाही. घरात लहान मूल असेल तर त्यालाच मास्तर करा. मुलं या कामात फार कडक असतात, पण नापास करत नाहीत.

तिसरी, घरात कोणी तरी तीच गोष्ट पुन्हा विचारेल. आई, बाबा, आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी, कोणीही. तेव्हा फोन त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांच्याच बोटाने बटण दाबू द्या. चुकीचं बटण दाबलं गेलं तर "काही होत नाही, मागे जा आणि पुन्हा कर" एवढंच म्हणा. आणि उद्या त्यांनी परत विचारलं, तर उद्याही तेवढंच म्हणा.